सावलीचा अडथळा

विनीतने गच्चीवर उभं राहून मोबाइलच्या पडद्यावर तीच गच्ची दोन बोटांनी मोठी केली. आकाशातून काढलेल्या फोटोवर घराचे चार कोपरे टेकवले की सोलरची वीज किती होईल ते अ‍ॅप सांगत होतं. पावस गावात पावसाळ्यात वीज गेली की चार-चार दिवस येत नसे. आई एकटी. म्हणून तो मुंबईहून आला होता.

आकडा आला तो निम्माच. खाली लिहिलं होतं, 'पश्चिमेकडचा अर्धा भाग झाडाच्या सावलीत.'

फोटोत गच्चीला लागून मोठा हिरवा गोल होता. परसातला हापूस. गेल्या वर्षी आंबे काढताना त्याच झाडावरून वडील खाली आले ते परत उठलेच नाहीत. तेराव्याच्या आतच विनीतने माणसं लावून झाड तोडून घेतलं होतं. आईला विचारलं नव्हतं.

"फोटो जुना असणार," तो स्वतःशीच पुटपुटला.

त्याची आई तुळसा गच्चीवर कोकमाची सालं वाळत घालत होती. सगळी पूर्वेच्या बाजूला, एकावर एक, दाटीवाटीने.

"आये, तिकडे एवढी जागा आहे. पसर की मोकळी."

"तिकडं नाय वाळत."

"का?"

"दुपारनंतर ऊन नाय तिकडं."

"झाड कुठे आहे आता?"

"तोडलंस तू. माका काय विचारतोस?"

तिचा हात थांबला नव्हता.

तीन वाजले होते. मे महिन्याचं ऊन गच्चीवर नुसतं भाजत होतं. त्याने चपला काढल्या आणि पश्चिमेकडे निघाला. पहिली चार-पाच पावलं तळवे पोळले म्हणून घाईघाईने उचलली. गच्चीच्या मध्यापलीकडे पाय टाकला आणि तो थबकला.

पायाखाली गार होतं.

वर पाहिलं. आभाळ मोकळं, एक फांदी नाही की पान नाही. खाली परसात कापलेला बुंधा तसाच होता. मग त्याचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. त्याची सावली पडली नव्हती.

"बस जरा," मागून तुळसा म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "मी पण बसतंय रोज दुपारची. बरं वाटतं."

विनीत खाली बसला. हातातला मोबाइल थरथरला. अ‍ॅपने पुढचा प्रश्न विचारला होता, 'सावलीचा अडथळा दूर करता येईल का?'

त्याने 'नाही'वर बोट ठेवलं.