भिंतीचं विरजण

नातीच्या बारशाला घर उजळ दिसावं म्हणून द्वारकाबाईंनी हौसेने भिंतीला चुना दिला आणि घर गार ठेवणारं भिंतीवरचं जिवंत शेवाळ करपून गेलं. बाहेर सत्तेचाळीस अंश ऊन होतं. पाळण्यातली तान्ही रडून रडून लालबुंद झाली होती.

गावातले एसी कधीच भंगारात गेले होते. भिंत मेली की शेजारून वाटीभर शेवाळ मागून आणायचं, ताकात कालवून लावायचं, की संध्याकाळपर्यंत घर निवायचं. पण विरजण लागायचं ते तेच ऊन सोसलेल्या लगतच्या भिंतीचं. आणि लगतचं घर होतं धाकट्या जावेचं, सिंधूचं. बांधावरून भांडण झाल्यापासून दोघींचा अबोला होता.

द्वारकाबाई वाटी घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. "सिंधू, विरजण देशील?"

सिंधूने वाटीकडे पाहिलं. "एवढ्याने काय होतंय, अक्का? बादली भरून मीच येते लावायला."

"अगं, तुझी भिंत उघडी पडेल."

"माझी कुठली?" पदर खोचत सिंधू म्हणाली. "नवी नवरी होते, तेव्हा तुमच्याच भिंतीचं आणून लावलं होतंत तुम्ही. मी नुसतं जगवलं."