काळा चष्मा, पांढरी दरी

"आता दोघांनीही हलायचं नाही," लेकीने बजावलं आणि ट्रायपॉडवरचा कॅमेरा उभा केला.

भर दुपार होती. बाकीचे फोटोग्राफर या वेळेला घरात पडून राहतात, पण इन्फ्रारेडला असंच टळटळीत ऊन लागतं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारा हा कॅमेरा तिने मुद्दाम करून घेतला होता. त्यात हिरवी पानं बर्फासारखी पांढरी येतात आणि निळं आकाश काळंभोर. घरासमोरची अख्खी दरी तिला एका लांबलचक चित्रात बसवायची होती. एका नव्या हॉटेलने जेवणघराची भिंत त्यासाठी मोकळी ठेवली होती. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

दरी केवढी अफाट आहे ते कळावं म्हणून कोपऱ्यात माणसं हवी होती. ती घरचीच मिळाली. अंगणाच्या कडेला, घराकडे तोंड केलेल्या बाकावर आई बाबांना पेपर वाचून दाखवत होती.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं एकामागून एक झाली होती. बाहेर काळा चष्मा लावायचा आणि वाचायचं अजिबात नाही, अशी ताकीद होती. तपासणीच्या दिवशी बाबा डोळ्यांत थेंब घालून बाहेर बसायचे आणि डॉक्टरांच्या सूचना ऐकायला आई आत जायची.

तेव्हापासून पेपर आईच्या हाती आला. त्याआधी वर्षानुवर्षं तो बाबांच्या तोंडासमोर असायचा. आई काहीतरी विचारायची आणि पेपरामागून नुसतं "हं" यायचं. आता आई बातमी वाचायची, वर स्वतःची मल्लिनाथी करायची. बाबा हुज्जत घालायचे. मग आई त्यांना गप्प करून पुढच्या बातमीला हात घालायची. शब्दकोडंही दोघं मिळून सोडवायचे. कुठल्या घरात कुठलं अक्षर आधीच येऊन बसलंय, ते बाबा बिनचूक सांगायचे. या वयातल्या त्यांच्या स्मरणशक्तीचं कौतुक आईने शेजारीपाजारी सगळीकडे करून झालं होतं.

लेकीला एकच गोष्ट खुपत होती. मावशीने आईला समुद्रावरच्या सहलीला बोलावलं होतं. समुद्र बघायचा, समुद्र बघायचा, असं आई कधीपासून म्हणत होती. तरी तिने नाही म्हणून कळवलं. यांना वाचून कोण दाखवणार, एवढंच तिचं कारण.

लेकीने डावीकडून सुरुवात केली. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग पुन्हा यायला हवा, नाहीतर पुढे जोड बसत नाही. ती कॅमेरा जरासा फिरवायची, वारा पडायची वाट बघायची आणि मग बटण दाबायची. बाकापाशी आली आणि नेमका ढग आडवा आला. तो सरकल्यावर तिने तेवढा भाग पुन्हा घेतला, मग खात्रीसाठी आणखी एकदा. बाबा इतके शहाण्यासारखे बसले होते की तिला नवल वाटलं. तोंड सरळ, हात गुडघ्यांवर.

संध्याकाळी तिने कम्प्युटरवर फोटो जोडायला घेतले. दरी सुरेख जुळली. डोंगरांवर जोडाचे टाके कुठे दिसतही नव्हते. फक्त बाकावर घोटाळा झाला. जोड बरोबर बाबांच्या चेहऱ्यावर आला होता आणि त्यांना दीड नाक फुटलं होतं. कुठल्या फोटोतले बाबा ठेवावेत ते ठरवायला तिने ते सगळे फोटो मोठे करून शेजारी शेजारी लावले, आणि बघतच राहिली.

नाकावर चष्मा होता, पण काचा काळ्या नव्हत्या. इन्फ्रारेडमध्ये त्या पाण्यासारख्या नितळ आल्या होत्या. आत बाबांचे डोळे टक्क उघडे होते. चेहरा समोर, बुबुळं कोपऱ्यात. एका फोटोत ती आईच्या मांडीवर पसरलेल्या पेपरातल्या शब्दकोड्यावर होती. दुसऱ्यात आईचं बोट होतं त्याच्या खालच्या बातमीवर. तिसऱ्यात आईच्या चेहऱ्यावर.

लेकीचा पारा चढला. माणूस धडधडीत वाचतोय आणि आईला घरी अडकवून ठेवतोय! बाबा फेरफटका मारायला गेले होते, तेवढ्यात तिने आईला हाक मारली, खुर्चीत बसवलं आणि फोटो दाखवले. बाबांना सगळं नीट दिसतं, ते तुला बनवतायत, आल्यावर मी त्यांना जाब विचारणार, तू मावशीला आत्ताच्या आत्ता फोन कर, असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

आईने शब्दकोड्याचा फोटो पाहिला. "तरीच," ती पुटपुटली. मग तिसऱ्या फोटोपाशी थांबली. पदराने स्वतःचा चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फाटकाची कडी वाजली तशी ती चटकन उठली आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

"त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही," ती म्हणाली.

"अगं पण का?"

"डॉक्टरांनी त्यांना वाचायला परवानगी देऊन महिना झाला," आईने आवाज आणखी खाली आणला. "मीच अजून सांगितलेलं नाही."