पावसाची टाळी

"क्रियाविशेषण उपवाक्य नुसतं पाठ करून भागायचं नाही. 'इफ' घालून एकेक वाक्य करा गं, आणि पुस्तकातलं नको, आपल्या घरातलं सांगा," वाघमोडेबाईंनी नववीच्या मुलींना फर्मावलं. दिवाळीच्या सुटीआधीचा तो शेवटचा तास होता आणि सुटीनंतर तपासणीला साहेब येणार होते.

कुणी पावसाचं सांगितलं, कुणी म्हशीचं. मग वर्षभर मूग गिळून बसलेली सारिका आपणहून उभी राहिली. बाईंकडे टक लावून, शब्दाला शब्द जुळवत ती इंग्रजीत म्हणाली, "मामांनी आणलेल्या मुलाला मी पसंत पडले नाही, तर दिवाळीनंतर शाळेत येईन."

"अगं बाई, मुकी बोलली की!" बाईंचा आनंद पोटात मावेना. "आणि एकही चूक नाही! हिच्यासाठी पावसाची टाळी!"

एका बोटानं सुरू झालेली टाळी पाची बोटांवर गेली, वर्ग दणाणला. सारिका तशीच उभी होती. तिला आणखी काही विचारायचं असावं, असं बाईंना वाटलं. पण तेवढ्यात घंटा झाली.

तपासणीच्या दिवशी बाईंनी साहेबांसमोर मोठ्या ऐटीत सारिकाला हाक मारली. तिची जागा रिकामी होती.

"तिचं लगीन झालं, बाई," शेजारची मुलगी म्हणाली.

बाई भडकल्या. "एवढ्याशा पोरीचं? आणि मला एकीनंही सांगू नये?"

मुलगी गोंधळली. "तिनं सांगितलं होतं की, बाई, तुम्हालाच. आपण टाळ्या नाही का वाजवल्या?"