तीन मिनिटांची विधवा

तबकडी पुन्हा भरली, आणि व्हर्डेला टिब्सचा नवरा अजून पुरायचाच होता.

ती गात होती ते गाणं एका विधवेचं. नवरा मरतो, अंत्ययात्रा निघते, शेवटच्या कडव्यात मूठमाती. पण तबकडीच्या एका बाजूवर मावतात तीनच मिनिटं, आणि याही खेपेला बाई कबरस्तानाच्या फाटकाशीच अडकल्या.

काचेपलीकडून रेकॉर्ड कंपनीचे मिस्टर केलर बाहेर आले. "मेब्री, आता शेवटची खेप. नाही बसलं, तर उद्या पियानोवर आमचा माणूस बसेल."

शिकागोच्या अख्ख्या साउथ साइड वस्तीला ल्यूशियस मेब्रीची ओळख एकच: व्हर्डेलाचा पियानोवाला. तिच्या प्रत्येक गाण्याची मांडणी त्याची. सकाळपासून त्यानं सुरुवातीचे सूर छाटले होते, मधलं कडवं छाटलं होतं, काळजावर दगड ठेवून स्वतःचा एकट्याचा तुकडाही छाटला होता. आता छाटायला फक्त नवराच उरला होता.

तोंडावर पाणी मारून तो परतला, तर व्हर्डेला केलरच्या कानाशी कुजबुजत होती. तिची कुजबुज चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत सहज पोचायची.

"त्याला बोलू नका हो. म्हातारा झालाय बिचारा. बोटं उचलत नाहीत त्याची. म्हणून मीच जरा रेंगाळते, त्याला गाठता यावं म्हणून. पण दुसरा पियानोवाला देणार असाल, तर मला रेकॉर्डच नको."

शेवटचं वाक्य ल्यूशियसच्या कानात शिरलंच नाही.

"माझी बोटं? अगं बये, तुला धाप लागते म्हणून मी थांबतो! दर ओळीला! तू श्वास घेऊन येईपर्यंत माझी कॉफी पिऊन होते!"

"मला धाप?"

"मग काय मला?"

"बस त्या बाकावर. दाखवतेच तुला!"

केलरनी घाईघाईनं रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला.

ल्यूशियसनं पहिलाच सूर असा हाणला की साथीला बास वाजवणारा दचकला. व्हर्डेला सुटली. नवरा पहिल्याच ओळीत मेला. अंत्ययात्रा धावत निघाली, पाद्रीबाबा मागे पडले, मूठमाती उरकली. तीन मिनिटांना अजून अवकाश होता. माघार कोण घेणार? दोघांनी त्याच आवेशात शेवटचं कडवं पुन्हा घेतलं आणि नवऱ्याला दुसऱ्यांदा पुरलं.

केलर नाचतच बाहेर आले. "हेच! हेच हवं होतं! नवरा मेल्याचा इतका आनंद कुणी गायलाच नसेल. मेब्री, तुम्ही त्या बाकावरून हलायचं नाही!"

ल्यूशियसला हलता येतही नव्हतं. त्याचे हात मांडीवर लुळे पडले होते. व्हर्डेलानं पियानोला मिठी मारली होती, ती प्रेमानं नव्हे, पडू नये म्हणून. तरी दोघं एकमेकांकडे बघून हसत होते. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आता तबकडीची दुसरी बाजू," केलर म्हणाले. "तिथं काय घेऊ या?"

"एखादं संथ," दोघं एकदम म्हणाले.

"संथ? आता कुणाला हवंय संथ?"

दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.