मृत्यूचं कारण

मी फॉर्मवर ‘बाळंतपणात मृत्यू’ असं लिहिलं, तर साहेबांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

“हृदय बंद पडून, असं लिहा बाई. मेल्यावर सगळ्यांचंच बंद पडतं, खोटं कुठे आहे त्यात? बाळंतिणींच्या मृत्यूचा आपला आकडा वर्षानुवर्षं शून्य आहे. तुमच्या हातून बिघडायला नको.”

माझ्या जन्माच्या वेळी आई याच दवाखान्यात वारली. पुढ्यात आलेला कागद बाबांना वाचता आला नाही, अंगठा उठवून ते मला घेऊन घरी आले. म्हणून तर त्यांनी पोटाला चिमटा काढून मला शिकवलं. मी इथे कारकून म्हणून लागले, तेव्हा बाबा म्हणाले, “आता तिथे शिकलेली बाई बसणार. कुणाची फसवणूक व्हायची नाही.”

मी नवा फॉर्म घेतला आणि साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत डबा काही उघडवेना. जुन्या कपाटातून माझ्या जन्मसालाचा गठ्ठा काढला. आईच्या नावापुढे सुबक अक्षरात लिहिलं होतं: हृदय बंद पडून.



त्याखाली बाबांचा अंगठा होता. माझ्या फॉर्मखाली माझी सही आहे.