जेन्सनचा श्वास

सोन्याचा मुलामा दिलेले आरसे. वसईची दमट हवा. कंपनीचा खुलासा: गळती झालीच नाही. काचेच्या नळीत बंद केलेला एक श्वास.

श्वास जेन्सनचा होता. कारखान्यात त्याच्या छातीत कोणता वायू गेला, हे त्याच्या बायकोने, रोवेनाने, वसईतल्या सांडोर गावच्या घरी त्या आरशांनी स्वतः उभारलेला, वायू ओळखणारा टेराहर्ट्झ स्पेक्ट्रोमीटर नेमकं सांगू शकत होता. फक्त नळीत पाणी जायला नको होतं. पाण्याची वाफ बाकी सगळ्या खुणा झाकून टाकते.

संध्याकाळी रोवेना यंत्रातली दमट हवा उपसणारा पंप सुरू करायला वळली, तेवढ्यात सासूबाईंनी नळीचं बूच काढलं.

"मम्मी, काय केलंत हे?"

"चर्चमधलं आशीर्वादाचं पाणी घातलं, बाय. दोनच थेंब. लागू दे माझ्या पोराच्या श्वासाला."

रोवेनाने नळी हिसकावून घेतली आणि ती रडू लागली.

"रडतेस कशाला? उद्या हॉस्पिटलात जा, दुसरा भरून आण. जेन्सन काय श्वास द्यायला कंजुषी करणार आहे?"

रोवेनाने बूच परत लावलं. मम्मींना तिने अजून सांगितलंच नव्हतं.

जेन्सन दुपारीच गेला होता.