घरात न बोलली जाणारी भाषा
"आधुनिक भाषांच्या मायनरला घरची भाषा चालत नाही," कारकूनबाईंनी फॉर्म परत सरकवला. "घरात ती कोणीच बोलत नाही, यावर घरच्यांची सही आण. पाचच्या आत, नाहीतर बस बोंबलत." मायनर, म्हणजे हा जोडविषय, असला तरच कॉलेज वर्षभर परदेशी पाठवतं. धावतच घर गाठलं. मी निवडलेली भाषा बाबांच्या दुसऱ्या बायकोची. मी दार लावून मोबाइलवरूनच शिकलो, पण तिच्यासमोर तीन वर्षांत जीभ रेटली नव्हती. तीही घरात मराठीच बोलायची, त्यामुळे फॉर्म खराच होता. ती इस्त्री करत होती. "अहो, इथे सही हवी होती. घाई आहे." तिने ओळीखाली बोट ठेवत सगळं वाचलं, पेन उघडलं. मग खाली बघतच तिच्या भाषेत म्हणाली, "दाराआडून ऐकते तुला. छान बोलतोस." साडेचार वाजले होते. मी तिच्याच भाषेत म्हणालो, "सही नका करू. आता ते खोटं ठरेल."